शेड नंतर बांधा, आधी एकवीस रात्री काढून बघा



रात्री साडेअकरा-बाराला अनोळखी नंबरवरून फोन आला, की बहुतेक वेळा विषय काय असणार ते मला उचलायच्या आधीच कळतं. मागे चिवचिवाट चालू असतो आणि समोरचा माणूस घाईघाईने विचारतो, "सर, पिल्लं मरायला लागलीत. कुठलं औषध देऊ?"

मी औषध सांगत नाही. एकच उलटा प्रश्न विचारतो, "आत्ता या क्षणाला पिल्लं कुठं बसलीत?"

जरा शांतता होते. मग उत्तर येतं, "कोपऱ्यात, सर. एकावर एक चढून."

बस्स, इथे निदान झालं. त्या पिल्लांना थंडी वाजतेय. त्यांना बाटलीतलं औषध नको, ऊब हवी.

गावरान कोंबडीपालन सुरू करणारे लोक मला काय काय विचारतात ते सांगतो. शेड किती बाय कितीचं बांधू? अनुदान किती मिळेल? माल कोण उचलेल? कडकनाथ घेऊ की गिरिराज? हे सगळे प्रश्न बरोबर आहेत. पण "पहिल्या रात्री पिल्लांजवळ कोण झोपणार?" हे शंभरातला एखादाच विचारतो. आणि माझ्या अनुभवाने धंदा टिकतो की बुडतो, ते जास्त करून याच प्रश्नावर ठरतं.

म्हणून आज माझं मत स्पष्ट लिहितो, काहींना आवडणार नाही. ब्रूडिंग स्वतःच्या हाताने एकदा नीट जमल्याशिवाय शेडवर मोठा पैसा टाकू नका. कर्ज काढून तर मुळीच नको.

खुडूक कोंबडीचं काम आता तुमचं

आपल्या आज्यांनी कुठं कोर्स केला होता? पण त्यांची पिल्लं जगायची, कारण काम कोंबडी करायची. खुडूक बसलेली कोंबडी एकवीस दिवस अंडी उबवते हे सगळ्यांना माहीत असतं. पिल्लं बाहेर आल्यावरही तिचं काम थांबत नाही, हे मात्र आपण विसरतो. पुढचे कित्येक आठवडे ती त्यांना पंखाखाली घेते. कोंबडीच्या अंगाची उष्णता ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असते. पिल्लाला गार वाटलं की आत शिरतं, बरं वाटलं की बाहेर येऊन दाणे टिपतं.

हॅचरीतून आलेल्या एकदिवसीय पिल्लाला आई नसते. अंगावर असते ती नुसती लव, खरी पिसं यायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर, त्यातही पहिले दोन आठवडे, स्वतःच्या शरीराचं तापमान धरून ठेवणं त्याला जमत नाही. अंड्यातल्या बलकाचा उरलेला भाग पोटात असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस काढू शकतं. म्हणूनच तर पिल्लं खोक्यात भरून लांबून आणता येतात. पण बलक पोट भरतो, ऊब देत नाही.

थोडक्यात, पहिले एकवीस दिवस अंड्याला हॅचरीच्या मशीनने दिले. पुढचे एकवीस दिवस तुम्ही द्यायचे.

माझी पहिली बॅच

हे शहाणपण मला आधीपासून नव्हतं. माझी पहिली बॅच तीनशे पिल्लांची होती. महिना डिसेंबर. पत्र्याचं चौकोनी शेड, मधोमध शंभर-शंभर वॅटचे दोन बल्ब आणि भिंतीला लागून पसरलेलं तूस. संध्याकाळी पिल्लं मजेत होती म्हणून मी जेवून घरी झोपलो. रात्री कधीतरी लाईट गेली.

सकाळी सहाला दार उघडलं तर एका कोपऱ्यात पिवळा ढीग. वरची पिल्लं हलत होती, खालची दबून गेलेली. चौऱ्याहत्तर पिल्लं मी टोपलीत मोजून भरली. पुढच्या आठवड्यात आणखी गेली. जी जगली तीसुद्धा एकसारखी वाढली नाहीत. काही मोठी, काही खुरटलेली. विकायला काढली तेव्हा व्यापाऱ्याने "माल एकसारखा नाही" म्हणून भाव पाडला आणि त्याचं काही चुकलं नाही.

मी रागाने हॅचरीवाल्याला फोन केला, की पिल्लं खराब दिलीत. त्याने शांतपणे विचारलं, "रात्री कितीला बघितलंत शेवटचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता त्या बॅचकडे बघितलं की चुका ओळीने दिसतात. तीनशे पिल्लांना फक्त दोनशे वॅट. चार कोपरे उघडे. लाईट गेली तर काय, याची काहीच सोय नाही. आणि माणूस घरी. यातली एकही चूक औषधाने सुटणारी नव्हती.

बल्बचं बिल आणि पिल्लाची किंमत

"सर, दिवसरात्र बल्ब लावले तर बिल किती येईल?" हा नेहमीचा प्रश्न. चला, हिशोब करू.

शंभर पिल्लांना दर पिल्लामागे दोन वॅट या हिशोबाने दोनशे वॅट लागतात. चोवीस तास चालले तर दिवसाला ४.८ युनिट. एकवीस दिवस पूर्ण चालवले तरी साधारण १०० युनिट. समजा युनिटला ८ रुपये पडले, तर ८०० रुपये. प्रत्यक्षात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिवसा बल्ब कमी करता, म्हणजे त्याहून कमीच.

आता दुसरी बाजू. समजा पिल्लू ३० रुपयांचं आहे आणि शंभरातली वीस गेली. ६०० रुपये तिथेच गेले. ती वीस जगली असती आणि विकताना प्रत्येकी १०० रुपये जरी सुटले असते, तर आणखी २,००० रुपये गेले. वर खुरटलेल्या पिल्लांनी खाल्लेलं खाद्य वेगळं. तुमच्या भागातले भाव घालून हाच हिशोब वहीत करा. बल्ब बंद करून पैसे वाचतात असं उत्तर निघणार नाही.

व्यवस्थित ब्रूडिंग केलं तर पहिल्या तीन आठवड्यांत शंभरामागे तीन ते पाच मरतूक धरून चालायची. दहाच्या वर गेली, तर दोष शोधायला लागा आणि सुरुवात स्वतःपासून करा.

शंभर पिल्लांची तयारी

पिल्लं यायच्या आधी ही तयारी झालेली पाहिजे. पिल्लांचं खोकं दारात आल्यावर बल्ब आणायला पळणारे मी पाहिलेत.

गोल करा, कोपरा ठेवू नका. पत्रा, जाड पुठ्ठा किंवा बांबूची चटई, दीड फूट उंचीची आणि पंचवीस फूट लांबीची पट्टी घ्या. याला चिक गार्ड म्हणतात. सुरुवातीला टोकं एकमेकांवर चढवून सहा फुटी गोल करा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून थोडा थोडा मोठा करत आठवड्याअखेर आठ फुटांपर्यंत न्या. गोलात कोपराच नसला की पिल्लं दाबून मरायची भीती खूप कमी होते.

खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा कोरडा भुसा, दोन-तीन इंच जाडीची गादी. पहिले दोन-तीन दिवस वर कागद, म्हणजे पिल्लं भुसा खाणार नाहीत. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिल्लांचे पाय घसरून फाकतात, त्यामुळे खोक्याचा खरखरीत पुठ्ठा मिळाला तर उत्तम. कागद रोज बदला आणि तीन दिवसांनी काढून टाका.

बल्ब साधे, पिवळ्या उजेडाचे, तारेचे. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही, ही चूक आजकाल फार होते. साठ वॅटचे चार किंवा शंभरचे दोन घ्या, पण एकाच बल्बवर सगळी भिस्त ठेवू नका, उडाला की संपलं. बल्ब गादीपासून फूट-दीड फूट उंच आणि पक्क्या साखळीला किंवा तारेला बांधलेला. नुसत्या वायरवर लोंबता बल्ब कोरड्या तुसावर पडला, तर शेड पेटतं.

आणि हे सगळं पिल्लं यायच्या आदल्या दिवशी चालू करा. हवा लवकर तापते, फरशी तापत नाही. गार कोब्यावर ठेवलेलं पिल्लू वरून बल्ब असला तरी पायातून गारठतं. उतरवल्यावर दोन-चार पिल्लांचे पाय आपल्या गालाला लावून बघा. गार लागले तर तयारी कमी पडली.

लाईटची सोय आधी बघा. शेड शेतात असेल तर तुमची लाईन शेतीपंपाच्या फीडरवर आहे की गावठाणाच्या, हे महावितरणच्या लाइनमनला विचारून घ्या. चोवीस तास वीज नसेल तर गॅस ब्रूडर किंवा इन्व्हर्टर लागेल. दीडशे अँपिअर-अवरची चांगली बॅटरी दोनशे वॅट पाच-सहा तास ओढते. काहीच नसेल तर निदान पाच-पाच लिटरचे कॅन गरम पाण्याने भरून, गोणपाटात गुंडाळून गोलात ठेवायची तयारी ठेवा. एक रात्र निभावते.

कोळशाची शेगडी वापरणारे बरेच आहेत. स्वस्त पडते हे खरं. पण बंद शेडमध्ये कोळशाचा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो. त्यात पिल्लं जातात आणि राखणीला आत झोपलेला माणूसही जाऊ शकतो. शेगडी वापरायची तर धूर आणि वायू बाहेर जायला मोकळी वाट ठेवा, आणि आत झोपू नका.

थर्मामीटर घ्या, पण पिल्लांकडे बघायला शिका

पुस्तकी आकडे असे: पहिला आठवडा ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ सेल्सियस. मग दर आठवड्याला पाच अंश फॅरनहाइट कमी. दुसऱ्याला ९०, तिसऱ्याला ८५. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगा. छताजवळचं तापमान पिल्लाच्या काय कामाचं?

आकडा पाठ झाला तरी शेवटी पिल्लंच खरं सांगतात. बल्बखाली गोळा होऊन मोठ्याने चिवचिव करत असतील, तर गार वाटतंय. बल्ब खाली घ्या किंवा वाढवा. बल्बपासून लांब कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत, पंख सोडून बसली असतील, तर गरम होतंय. बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला दाटली असतील, तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय, पडदा बघा. आणि गोलभर पसरलेली, काही खाताहेत, काही पाणी पिताहेत, काही पाय पसरून निवांत झोपलीत, आवाज हलका, असं असेल तर तुम्हीही निवांत व्हा.

हे बघायची खरी वेळ रात्री अकरा, दोन आणि पहाटे पाच. पहाटेचा गारठा सगळ्यात वाईट. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तिथे एकवीस दिवसांचं ब्रूडिंग चार-पाच आठवडे चालवावं लागेल. विदर्भात एप्रिल-मेमध्ये दुपारी बल्ब बंदच ठेवावे लागतील, उलट पिल्लांना उन्हाच्या झळांपासून वाचवावं लागेल. कोकणात पावसाळ्यात थंडीपेक्षा ओल जास्त त्रास देते. म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाचा व्हिडिओ बघून, माझासुद्धा, जसाच्या तसा उचलू नका.

एक छोटी युक्ती. रोज दुपारी उबेच्या वेळी दोन-चार मिनिटं अंधार करा. पिल्लांना अंधाराची सवय झाली, की रात्री लाईट गेल्यावर घाबरून एकमेकांवर चढत नाहीत.

ऊब द्या, कोंडू नका

थंडीच्या भीतीने लोक शेडला चारी बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळतात. आत गेलं की डोळ्यांना झोंबतं. तो अमोनिया. तुमचे डोळे चुरचुरतात तर पिल्लं चोवीस तास तिथेच आहेत. मग शिंका, घरघर, डोळ्यांना पाणी सुरू होतं आणि पुन्हा तो फोन येतो, "सर, औषध?" पडदा खालून वर बांधा आणि वरची फूटभर जागा मोकळी ठेवा. वारा अंगावर येऊ नये, पण हवा खेळली पाहिजे.

गादी कोरडी ठेवा. मूठभर तूस दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओलं आहे. ड्रिंकरभोवतीचं ओलं तूस रोज काढा, बाकीचं खालीवर हलवा. ओल्या गादीवर रक्ती हगवण वाढते, ती बहुधा तिसऱ्या आठवड्यानंतर दिसते. विष्ठेत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला गाठा.

पाणी, खाद्य, लस

पिल्लं आली की आधी पाणी, मग खाद्य. पाणी कोमट, त्यात गूळ किंवा इलेक्ट्रोलाइट पावडर. काही पिल्लांची चोच पाण्यात हलकेच बुडवून दाखवा, बाकीची बघून शिकतात. शंभर पिल्लांना दोन-तीन छोटे ड्रिंकर, बल्बच्या थेट खाली नको. दोन-तीन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरा आणि मग चिक स्टार्टर सुरू करा.

रात्री झोपायच्या आधी दहा पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपा. मऊ आणि भरलेली लागली पाहिजे. दहापैकी तीन-चार रिकामी असतील, तर त्यांना खाद्य सापडलेलं नाही किंवा थंडीने ती बल्ब सोडत नाहीत.

लसींचा ढोबळ क्रम असा. मॅरेक्सची लस पहिल्या दिवशी हॅचरीतच होते. ती झाली का, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. मानमोडीची लासोटा पाच ते सात दिवसांत, डोळ्यात थेंब. गंबोरो बारा-चौदा दिवसांच्या आसपास. लासोटाचा दुसरा डोस तीन-चार आठवड्यांनी. नेमकं वेळापत्रक तुमच्या भागातल्या पशुवैद्यकाकडून घ्या. लस बर्फात आणा, दोन ते आठ अंशांत ठेवा. खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

अँटिबायोटिकबद्दलही मत सांगून टाकतो. दुकानदाराने "सुरुवातीला हे पाच दिवस द्याच" म्हणून दिलेली पुडी मी देत नाही. मेलेली दोन ताजी पिल्लं घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, शवविच्छेदन करून घ्या. कारण कळल्यावर औषध घ्या.

जमणार नसेल तर?

सगळ्यांनी एकदिवसीय पिल्लंच घ्यावीत असं मी म्हणत नाही. तुमची नोकरी असेल, रात्री राखण शक्य नसेल, तर तीन-चार आठवडे वाढवलेली पिल्लं घ्या. महाग पडतात म्हणून कुरकुर करू नका. तो जास्तीचा भाव म्हणजे दुसऱ्या कुणीतरी तुमच्यासाठी काढलेल्या रात्रींची मजुरी आहे. ज्यांना अंडीच विकायची आहेत त्यांनी तलंगा घ्याव्यात. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतही एकदिवसीय शंभर पिल्लांचा गट आणि आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांचा गट असे दोन वेगळे प्रकार आहेत. अर्ज भरताना "शंभर मिळतात" म्हणून पहिल्यावर खूण करू नका. राखण कोण करणार ते ठरवून मग खूण करा. सध्या काय चालू आहे, ते पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात कळेल.

आता उलट बाजूने बघा. इतक्या लोकांना ब्रूडिंग जमत नाही किंवा नको वाटतं, म्हणजे ज्याला जमतं त्याच्यासाठी हाच धंदा आहे. एकदिवसीय पिल्लं आणायची, चार आठवडे वाढवायची, लसी करून विकायची. याला मदर युनिट म्हणतात. मोठं शेड लागत नाही, पैसे महिन्याभरात फिरतात. बचत गटातल्या ताईंना मी हे आवर्जून सुचवतो.

आणि हो, एक गोष्ट भाऊंसाठी. धंद्याचा निर्णय ओट्यावर बसून तुम्ही घेता आणि पहाटे पाचला उठून पिल्लं बघते घरची बाई. हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. मग आधी तिला विचारा. रात्री वाटून घ्या. आणि नफा आला की तिचा वाटा तिच्या खात्यावर टाका.

गृहपाठ

शेडचं एस्टिमेट जरा बाजूला ठेवा. घरातली एक रिकामी खोली, गोठ्याची सुरक्षित बाजू, काहीही चालेल, फक्त उंदीर, मांजर, मुंगूस आत येऊ नयेत. शंभर पिल्लं आणा, जास्त नको. एक वही घाला. रोज तारीख, पहाटे पाचचं तापमान, किती मेली, किती खाद्य गेलं, लाईट कधी गेली, एवढंच लिहा.

एकविसाव्या दिवशी मोजा. पंच्याण्णवच्या आसपास असतील, तर पुढची बॅच दोनशेची करा आणि शेडचा विचार सुरू करा. ऐंशी असतील, तर वही उघडून कुठल्या रात्री गेली ते बघा आणि पुन्हा शंभरच आणा. आणि या एकवीस रात्रींत "हे आपलं काम नाही" असं कळलं, तरी काही हजारांत कळलं. शेड बांधून, हप्ता सुरू झाल्यावर कळण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पहिली बॅच झाली की वहीच्या पानाचा फोटो पाठवा. मेलेल्या पिल्लांचा आकडा लपवू नका. माझा चौऱ्याहत्तरचा मी आधीच सांगितलाय.